तणकापणी यंत्रांची निगा व दुरुस्ती, बुलढाणा जिल्ह्यातील

शेताचे बांध, फळबागांतील ओळींमधील जागा, पाटांचे काठ, इमारतींची आवारे व रस्त्यांच्या कडा यांवरील गवत आणि तण उभ्याने चालत कापण्यासाठी लांब दांड्याचे व खांद्यावरील पट्ट्याला अडकविलेले जे हलके यंत्र वापरतात, त्यास तणकापणी यंत्र म्हणतात. दांड्याच्या टोकाशी वेगाने फिरणाऱ्या डोक्यातून बाहेर आलेली नायलॉनची दोरी किंवा त्या जागी बसविलेले पोलादी पाते हे त्याचे कापणारे अंग होय. त्यास लहान पेट्रोल एंजिनाने अथवा विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या चलित्राने गती मिळते. बाजारात व शेतकऱ्यांच्या बोलण्यात ते ‘ग्रास कटर’ किंवा ‘ब्रश कटर’ या नावांनी ओळखले जाते. तण काढण्याची साधने बदलत गेली, तसतसे ती दुरुस्त करणारे हात व दुरुस्तीची जागाही बदलत गेली. हा बदल गावच्या लोहारशाळेपासून घटमालेच्या बंद पेटीपर्यंत कसा झाला, याचा आढावा या नोंदीत घेतला आहे.

पार्श्वभूमी : बुलढाणा जिल्हा अमरावती विभागाच्या पश्चिम टोकाला असून त्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी. व लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११) आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे दोन भाग पडतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद इ. तालुके घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्यात, तर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा इ. घाटावर मोडतात. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. १९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले. जून ते सप्टेंबर या काळात पिकाबरोबर तणही वाढते. काळ्या जमिनीत पाऊस लागून राहिला म्हणजे औत चालत नाही आणि उघडीप मिळताच सर्वांची कामे एकदम निघतात. तण काढण्याचे हे दिवस थोडे असतात व ते हुकले की उत्पन्नात घट येते. म्हणून तणाचे साधन ऐन वेळी चालू असणे हा या भागातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सोयीचा नव्हे, तर मिळकतीचा प्रश्न ठरतो.

पारंपरिक साधने व लोहार : वऱ्हाडात पिकाच्या ओळींमधील तण डवऱ्याने व ओळीतील तण विळ्याने किंवा खुरप्याने काढण्याची पद्धत आहे. पहिल्या कामास डवरणी व दुसऱ्यास निंदण म्हणतात. निंदणाचे काम बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत. डवऱ्याचे लाकडी अंग सुतार करी, तर पास लोहार घडवी. पास बोथट झाली म्हणजे ती भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून व पाणी देऊन पाजवीत. या कामाचा मोबदला बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने दिला जाई. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीस रोख पैसा लागत नसे आणि दुरुस्तीसाठी गावाबाहेरही जावे लागत नसे. अवजार ज्याने घडविले तोच ते नीट करी व त्याचे सर्व भाग उघड्या डोळ्यांना दिसत असत. हंगाम संपल्यावर डवरा गोठ्यात टांगून ठेवला, तरी गंज व वाळवी यांखेरीज त्यास भय नसे. पुढील काळातील यंत्रांशी तुलना करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

कारखानदारी अवजारे व तेल एंजिने : १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर येथील कापसाचा व्यापार वाढला. जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला व खामगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांमुळे वाफेची यंत्रे, पट्टे आणि धारवे यांची देखभाल करणाऱ्या कारागिरांची गरज निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. ओतीव लोखंडाचा मोडलेला भाग लोहाराला ठोकून सांधता येत नाही. त्याच्या जागी त्याच मापाचा दुसरा भाग आणावा लागतो. अशा रीतीने सुट्या भागांची कल्पना मराठी शेतकऱ्याच्या परिचयाची झाली. स्वातंत्र्योत्तर काळात विहिरींवर डीझेल एंजिने आली. त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होऊ लागली व शेतकऱ्यास ती रोखीने करून घ्यावी लागली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, डीझेल एंजिन व मोटारगाडी दुरुस्ती यांचे शिक्षण मिळू लागले. तथापि बरेच कारागीर एखाद्या जाणत्या उस्तादाच्या हाताखालीच तयार होत राहिले.

तणकापणी यंत्राचा उगम : दोरीने गवत कापणारे यंत्र अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ह्यूस्टन येथे जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये तयार केले. मोटारगाड्या धुण्याच्या स्वयंचलित यंत्रातील फिरते कुंचले पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला छिद्रे पाडून त्यांतून त्यांनी मासे पकडण्याची दोरी ओवली आणि हा डबा कडा कापण्याच्या यंत्रावर बसवून फिरविला. यासाठी लागणारे नायलॉन वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये शोधून काढले होते. एंजिनाचा वंश त्याहून जुना आहे. डूगल्ड क्लार्क यांनी १८८१ च्या सुमारास द्विधाव एंजिनाचे एकस्व घेतले, तर जोसेफ डे यांनी दशकभरानंतर भुजादंडाच्या पेटीतच मिश्रण दाबण्याची सुटसुटीत रचना केली. या एंजिनात वेगळ्या झडपा व तेलाची टाकी नसल्याने ते हलके होते. पटल-कार्ब्युरेटरमुळे ते तिरपे किंवा उलटे धरले, तरी त्यास इंधन मिळत राहते. खांद्यावरील यंत्रास या दोन्ही गोष्टी अत्यावश्यक असतात.

महाराष्ट्रातील प्रसार : द्विधाव एंजिनाची ओळख महाराष्ट्रातील खेड्यांना तणकापणी यंत्राच्या कितीतरी आधी झाली होती. पुण्यात १९७२ पासून तयार होऊ लागलेली ५० घ. सेंमी. ची लूना, त्या काळातील स्कूटर व राजदूत मोटारसायकल ही सर्व द्विधाव एंजिनावर चालत. पेट्रोलात तेल किती घालावे, धूर कोणत्या रंगाचा निघाला म्हणजे काय समजावे व सायलेन्सरमधील काजळी कशी जाळावी, हे त्या काळातील मेकॅनिकांना अंगवळणी पडले होते. कापसावर फवारणी करणाऱ्या पाठीवरील एंजिन-पंपांची दुरुस्तीही याच दुकानांतून होई. प्रदूषणविषयक नियम कडक झाल्यामुळे २००० नंतरच्या दशकात द्विधाव दुचाक्या मागे पडल्या व चतुर्धाव एंजिने सर्वत्र आली. नेमक्या याच सुमारास शेतमजुरांची टंचाई भासू लागून तणकापणी यंत्रांचा प्रसार वाढला. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उप-अभियानामुळे लहान शक्तिचलित यंत्रांच्या खरेदीसाठी अनुदानही मिळू लागले. म्हणजे द्विधाव एंजिनाची जाण असलेली पिढी उताराला लागली असताना हे एंजिन नव्या रूपात शेतकऱ्याच्या घरी आले. नव्या पिढीच्या मेकॅनिकाने इंधनात मिसळण्याचे तेल कधी हाताळलेलेच नसते व यंत्राच्या अनेक बिघाडांचे मूळ तेथेच आढळते.

इंधन व वंगण : द्विधाव एंजिनातील दट्ट्या, सिलिंडर व धारवे यांना वंगण मिळते ते केवळ पेट्रोलात मिसळलेल्या तेलातून. तेलाच्या प्रतीनुसार व निर्मात्याच्या सूचनेनुसार एक लिटर पेट्रोलात २० मिलि. (५० : १) किंवा ४० मिलि. (२५ : १) द्विधाव तेल घालतात. चतुर्धाव मोटारसायकलीचे तेल या कामी चालत नाही. शुद्ध पेट्रोलावर यंत्र चालविल्यास काही मिनिटांतच दट्ट्या सिलिंडरात घट्ट बसू शकतो. सायलेन्सर काढून निष्कास द्वारातून पाहिले असता दट्ट्यावर उभे ओरखडे दिसतात व ते या चुकीचे खात्रीचे लक्षण मानतात. मिश्रण डब्यात मोजून करावे व टाकीत ओतण्यापूर्वी हलवावे. टाकीतच अंदाजाने तेल ओतण्याची सवय घातक होय.

यंत्र न वापरता ठेवण्याच्या काळात होणारे नुकसान वापरातील झिजेपेक्षाही पुष्कळदा अधिक असते. कोरडवाहू भागात यंत्र पावसाळ्यात चालते व पुढे सात-आठ महिने पडून राहते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलाचा हलका अंश उडून जातो आणि कार्ब्युरेटरच्या बारीक मार्गांत डिंकासारखा थर बसतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागल्याने या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले म्हणजे ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. त्यात तेल मिसळलेले राहत नाही आणि यंत्राची इंधननळी तर टाकीच्या तळातूनच इंधन ओढते. अशा इंधनासाठी न बनविलेल्या जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पटले त्यामुळे फुगतात किंवा ताठर होतात. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. नंतर प्लगच्या छिद्रातून तेलाचे काही थेंब सोडून दोर दोन-तीन वेळा हलकेच ओढावा व प्लग परत बसवावा. या कामास दहा मिनिटेही लागत नाहीत. ते टाळल्यास पुढील जुलैमध्ये, दुकानांत सर्वाधिक गर्दी असताना, कार्ब्युरेटर उघडण्याची पाळी येते.

बिघाडाचे निदान : एंजिन सुरू न झाल्यास ठिणगी, इंधन व दाब या तीन गोष्टी क्रमाने तपासतात. प्लग काढून तो एंजिनाच्या धातूला टेकवून दोर ओढला असता ठिणगी दिसली पाहिजे. ही तपासणी करताना सांडलेले पेट्रोल जवळपास नसावे. प्लगमधील फट बहुधा ०·५ ते ०·७ मिमी. ठेवतात. प्लगचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य समजावे. ते काळे व तेलकट असल्यास तेल जास्त झालेले असते किंवा हवेची गाळणी तुंबलेली असते. पांढरट टोक हे इंधन कमी पडत असल्याचे व एंजिन अति तापल्याचे लक्षण होय. ठिणगी असून प्लग कोरडा राहत असेल, तर टाकीतील इंधन-गाळणी, नळीतील चिरा व कार्ब्युरेटरचे पटल क्रमाने पाहावे. दोर ओढताना हाताला अडथळा जाणवत नसेल, तर दट्ट्याची कडी झिजली आहे किंवा सांध्यातून दाब निसटत आहे, असा तर्क करतात.

एंजिन सुरू होऊनही ओढ घेत नसेल, तर कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरविण्यापूर्वी दोन ठिकाणे पाहावीत. पहिले हवेच्या गाळणीचे. काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असल्याने कोरड्या दिवसांत स्पंजाची गाळणी रोज साबणाच्या पाण्याने धुऊन व वाळवून बसवावी लागते. गाळणी काढून टाकून यंत्र चालविल्यास ही धूळ सिलिंडरात जाऊन पॉलिश-कागदासारखे काम करते. दुसरे ठिकाण सायलेन्सरमधील ठिणगीरोधक जाळीचे. ती काजळीने तुंबली म्हणजे धूर बाहेर पडण्यास वाव राहत नाही व एंजिन गुदमरते.

गतिप्रेषण व कापणारे अंग : एंजिनाची गती केंद्रोत्सारी क्लचमार्फत दांड्यातील लोखंडी दंडास व तेथून टोकाच्या दंतचक्रपेटीस मिळते. एंजिन मंद चालत असताना डोके फिरता कामा नये. फिरत असल्यास एंजिनाची मंद गती वाढलेली असते किंवा क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. असे यंत्र दुरुस्तीशिवाय वापरणे धोक्याचे असते. दंतचक्रपेटीत साधारणतः दर २५ तासांच्या कामानंतर ग्रीज भरतात. पाते बसविण्याची नटबोल्टची जोडणी बहुतेक यंत्रांत डाव्या आट्यांची असते. ही गोष्ट माहीत नसल्याने नट उलट दिशेने आवळून आटे मोडण्याचे प्रकार घडतात. पेटीवरील छिद्रात खीळ घालून दंड अडकवावा व मगच पाना लावावा.

दोरीचा व्यास सामान्यतः २ ते ३ मिमी. असतो. जुनी, वाळलेली दोरी ठिसूळ बनते. वापरण्याच्या आदल्या रात्री ती पाण्यात भिजत ठेवल्यास नायलॉन ओलावा शोषून पुन्हा चिवट होते. ४० सेंमी. व्यासाच्या वर्तुळात मिनिटास ७,००० फेरे घेणाऱ्या दोरीच्या टोकाचा वेग सेकंदास सु. १४५ मी. असतो. त्यामुळे उडालेला खडा डोळा निकामी करू शकतो. या कारणास्तव संरक्षक पत्रा काढून ठेवू नये व चष्म्याविना काम करू नये. नायलॉनच्या दोरीऐवजी लोखंडी तार बांधणे तर सर्वस्वी वर्ज्य होय. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. पोलादी पात्याची धार कानशीने दोन्ही बाजूंस सारखी लावावी. तडा गेलेले पाते झाळून वापरू नये. लोहाराने डवऱ्याची पास जोडून देणे व वेगाने फिरणारे पाते जोडणे यांत हा मूलभूत फरक आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले व पुढे देशभर पसरलेले गाजर गवत कापताना त्याचा चुरा अंगावर उडून त्वचेस खाज सुटते. ते फुलावर येण्यापूर्वी व अंग झाकून कापावे.

चतुर्धाव यंत्रे : सु. २५ ते ३६ घ. सेंमी. ची चतुर्धाव तणकापणी यंत्रेही वापरात आहेत. त्यांत तेल वेगळे असल्याने पेट्रोलात तेल मिसळावे लागत नाही व मोटारसायकलीच्या मेकॅनिकास त्यांची रचना परिचित वाटते. मात्र तेलाचे प्रमाण अगदी अल्प, काही नमुन्यांत सु. १०० मिलि. असल्याने ते दररोज पाहावे लागते. दोन्ही प्रकारची यंत्रे घरी असल्यास इंधनाचे डबे निराळे व खूण करून ठेवणे आवश्यक असते.

घटमालेवरील यंत्रे : लिथियम-आयन विद्युत् घट १९९१ मध्ये प्रथम बाजारात आले. त्यांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटांमुळे तणकापणी यंत्रातून एंजिन, कार्ब्युरेटर व सायलेन्सर ही सर्व अंगे नाहीशी झाली. आवाज व धूर थांबला आणि रोजच्या निगेत दोरी, स्वच्छता व विद्युत् स्पर्शबिंदू एवढेच उरले. शेतकऱ्यास बॅटरीची ओळख १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेवर चालणाऱ्या फवारणी पंपातून झालेली असते. परंतु तेथील सवय येथे लागू पडत नाही. शिसे-अम्ल घटमाला पूर्ण भारित करून ठेवावी लागते, तर लिथियम-आयन घटमाला दीर्घकाळ ठेवताना अर्धवट भारित असणे हितकर असते. दोन्ही पूर्ण रिकाम्या ठेवणे मात्र सारखेच हानिकारक आहे. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. अशा जागी लिथियम-आयन घटमाला भारित करू नये व साठवूही नये.

बिघाड झाल्यास मात्र परिस्थिती पालटते. ३६ व्होल्टच्या पेटीत सामान्यतः दहा घट एकसरीत असतात व त्यांतील एक निकामी झाला, तरी नियंत्रक मंडल संपूर्ण पेटी बंद करते. नवा घट बसविण्यासाठी तो इतरांशी जुळणारा असावा लागतो व जोडपट्टी बिंदु-वितळजोडाने लावावी लागते. साध्या झाळणीच्या उष्णतेने घट बिघडतो. चुकीच्या जोडणीने आग लागू शकते. म्हणून हे काम अनुभवी व साधनसंपन्न कारागिरानेच करावे. काही निर्माते पेटी उघडता येणार नाही अशीच बनवितात. त्यामुळे एका घटाच्या बिघाडापोटी पूर्ण घटमालेची किंमत मोजावी लागते व ती यंत्राच्या किंमतीच्या मानाने मोठी असते.

दुरुस्तीचा हक्क : केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची साधने हे एक प्रमुख क्षेत्र धरण्यात आले आहे. दुरुस्तीची माहितीपुस्तिका, सुटे भाग व त्यांच्या किंमती ग्राहकास मिळाव्यात, हे त्यामागील तत्त्व आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी घटमाला परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

बलुतेदारीची जुनी व्यवस्था जातिबद्ध होती व ती परत यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अवजार आणि त्याची दुरुस्ती ही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, ही त्यामागील जाण टिकण्याजोगी आहे. अनुदानाने यंत्र घरी येते, पण ते चालू राहते ते कार्ब्युरेटरचे पटल, इंधननळी, प्लग, क्लचची स्प्रिंग व गाळणी यांसारखे थोड्या किंमतीचे भाग तालुक्याच्या गावी मिळाल्यामुळे आणि ते बसविणारा माणूस तेथे असल्यामुळे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनी उन्हाळ्यात, हंगामापूर्वी, द्विधाव एंजिने व घटमाला यांच्या निगेचे अल्प मुदतीचे वर्ग भरविल्यास जुलैतील खोळंबा पुष्कळ कमी होऊ शकेल. एकेकाळी शेतापासून लोहाराच्या भात्यापर्यंत हाकेचे अंतर असे. तेवढे जवळ नव्हे, तरी एका दिवसात जाऊन परत येण्याइतक्या अंतरावर दुरुस्ती उपलब्ध असणे, ही कोरडवाहू शेतीतील यांत्रिकीकरणाची पहिली अट होय.